पत्ती, पात आणि किटली : पेण-रोह्याची टिपणे

आषाढ लागला की पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत रात्र आणि दिवस एक होतात. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, जाल तिथे फळ्यांवर ओळीने मूर्ती आणि त्यांच्यामधून फिरणारी चहाची किटली. माती मळणारा, साच्यातून मूर्ती काढणारा, घासणारा, रंग मारणारा, सगळ्यांना थोड्या थोड्या वेळाने घोट लागतो. डोळ्यांची आखणी करणाऱ्यांतले काही जुने मात्र किटली पुढे जाऊ देतात. सकाळी एक कप, मग आखणी आटपेपर्यंत काही नाही. एकाला कारण विचारलं तर म्हणाले, "रेघ हलते." हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. प्रत्येकाच्या बोटांत मुळातच बारीक कंप असतो आणि कॅफिनने तो वाढतो. भिंतीला रंग लावताना तो जाणवणार नाही, बुबुळाच्या कडेला जाणवतो. चहा कमी करण्याचं याहून नेमकं कारण मी कुठे ऐकलेलं नाही. प्रत्येकाला आपलं असं एक कारण सापडावं लागतं. "चहा वाईट" एवढ्यावर कुणाचा चहा सुटत नाही.

*

आपण किती चहा पितो ते कपांवरून कळत नाही. कुणाचा कप, कुणाचं कटिंग, कुणी बशीत ओतून, कुणी पातेल्यात उरलेला. पुड्यावरून कळतं. कोरड्या पत्तीत वजनाच्या साधारण तीन टक्के कॅफिन असतं. घरात चौघे पिणारे आणि आठवड्याला पाव किलोचा पुडा संपत असेल तर साडेसात ग्रॅम कॅफिन झालं, म्हणजे माणशी रोज अडीचशे मिलीग्रॅमच्या वर. थोडं चोथ्यात राहतं, ते वजा करा.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० मिलीग्रॅमपर्यंत चालेल असं सांगितलं, गरोदर बाईसाठी २००. शिवाय गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत कॅफिन शरीराबाहेर पडायला कितीतरी जास्त वेळ लागतो. एरवी निम्मं कॅफिन उतरायला पाचेक तास पुरतात, तेव्हा पंधरा तासही लागू शकतात. एकाच पातेल्यातला चहा सासऱ्यांना सोसतो आणि सुनेला सोसत नाही, ते यामुळे. घरात दिवस गेलेली मुलगी असेल तर तिची पत्ती वेगळी मोजा. ती स्वतः मागणार नाही.

*

मेंदूत दिवसभर अॅडिनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं. ते आपल्या जागी जाऊन बसलं की झोप येते. कॅफिन त्या जागा अडवून धरतं. थकवा जात नाही, त्याची वर्दी पोचत नाही एवढंच. रोज जागा अडवल्या की मेंदू नव्या जागा तयार करतो. मग कॅफिन आलं नाही त्या दिवशी सगळ्या जागा एकदम भरतात. डोकं ठणकतं, चिडचिड होते, अंग जड होतं, कशात मन लागत नाही. याला तलफ म्हणून हसण्यात अर्थ नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानग्रंथात कॅफिन सुटल्यावर होणाऱ्या या त्रासाला स्वतंत्र निदान म्हणून जागा दिली आहे.

*

त्रासाचं वेळापत्रक ठाऊक असलं की भीती निम्मी होते. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांनी सुरुवात, दुसऱ्या दिवशी कळस, नंतर उतार. दोन दिवसांत संपलं असं काहींचं होतं, काहींना आठवडा-नऊ दिवस लागतात. दिवसाला शंभर मिलीग्रॅम, म्हणजे दोन-तीन कप घेणाऱ्यालाही हे होऊ शकतं.

रमजानच्या पहिल्या दोन-तीन रोज्यांत दुपारी जे डोकं धरतं, त्याचं मोठं कारण हेच. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवलेल्या माणसाचं डोकं दुखतं, त्यातही बऱ्याचदा हेच असतं. रोह्याच्या मोहल्ल्यांतली जाणती माणसं रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यापासूनच दुपारचा चहा बंद करतात, मग सकाळचा अर्धा. डॉक्टरही हेच सांगतील.

डोकेदुखीच्या काही गोळ्यांत वेदनाशामकाबरोबर कॅफिन घातलेलं असतं. चहा सोडून अशी गोळी घेणाऱ्याला बरं वाटतं खरं, पण सुटलेलं तेच पुन्हा आत जातं. पाकिटावरचे घटक वाचून घ्यावेत.

*

"नैसर्गिक उपाय" विचारणाऱ्यांना मी आधी एक गोष्ट सांगतो. कॅफिनची सवय काढून टाकणारी कुठलीही मुळी, पाला किंवा चूर्ण नाही. सवय सुटते ती हळूहळू मात्रा कमी केल्याने. पाल्या-मुळ्यांचं काम वेगळं आहे. हातात गरम पेला हवा, चव हवी, वाफ हवी, चार माणसांत बसायला निमित्त हवं. ते सगळं त्या देतात. हे काम लहान नाही. नुसती मात्रा कमी करणारा पंधरवड्यात परत येतो, कारण चार वाजता त्याच्या हाताला काही काम उरत नाही.

*

रीत साधी आहे. पत्ती टाकण्याचा चमचा बदलायचा नाही, चमच्यातला ऐवज बदलायचा. पहिल्या आठवड्यात पाऊण पत्ती आणि गवती चहाची पात. पुढच्या आठवड्यात अर्धी पत्ती. मग पाव. दूध, साखर, आलं होतं तितकंच ठेवायचं, म्हणजे जिभेला एकदम परकं वाटत नाही. साखर कमी करायची असेल तर ती नंतर, दोन्ही एका वेळी नको.

कप कमी करताना शेवटचा आधी काढायचा. रात्रीचा, मग संध्याकाळचा, मग दुपारचा. सकाळचा सगळ्यांत शेवटी, आणि तो राहिला तरी बिघडत नाही. एका कपाशी माझं भांडण नाही. तो नसला तर दिवस उभा राहत नाही, एवढ्याशीच आहे.

*

आपल्याकडचा घरगुती चहा कडक का होतो? बारीक दाण्याची सीटीसी पत्ती. १९३० च्या सुमारास आसामात चहाची पानं चिरडून, फाडून, वळवून दाणा करणारं यंत्र आलं. त्या दाण्यातून रंग आणि कॅफिन दोन-तीन मिनिटांत पाण्यात उतरतं. त्यापुढे दहा मिनिटं उकळून हाती येतो तो मुख्यतः तुरटपणा. पत्ती कमी केल्यावर चहा "पातळ" लागू नये म्हणून जास्त उकळू नका. पात आणि आलं आधी उकळा, पत्ती शेवटी टाका, झाका, गाळा.

*

गवती चहा. कोकणात परसात न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे केळ, अळू आणि या पातीचं बेट ठरलेलं. जातीने ते गवत, चहाच्या झुडपाशी त्याचं काही नातं नाही आणि त्यात कॅफिन अजिबात नाही. लिंबासारखा वास येतो तो सिट्रल या तेलद्रव्याचा. पावसाच्या तोंडाला बेट फोडून चार मुळं लावली की घराला वर्षभर पुरतं. पात कोवळी नको, जून घ्यावी. कापताना धार हाताला लागते, म्हणून विळी-कोयत्यापेक्षा कात्री बरी. गाठ मारून भांड्यात टाकतात ते गाळताना सोपं जावं म्हणून.

पेणच्या बाजारात जुड्या मिळतात, पण वाळलेल्या जुडीत वास निम्मा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी कुंडीत लावावा. याला ऊन आणि पाणी सोडून काही लागत नाही.

*

दुपारी चारची तलफ ही पुष्कळांची भूक असते. अकरा-साडेअकराला जेवलेलं, रात्रीचं जेवण आठ-नऊला, मधे पोटात चहा आणि दोन बिस्किटं. तलफ मोडायची तर या वेळी खायला हवं. पेणच्या पोह्यांचं नाव उगाच नाही झालेलं. पातळ पोह्यांना वरून थोडं तेल, मीठ, कांदा, ओलं खोबरं, पाच मिनिटांचं काम.

माझी खरी शिफारस मात्र कुळथाच्या कढणाची. कुळीथ शिजवून त्याचं पाणी काढायचं, लसणीची फोडणी, एक आमसूल, मीठ. पेल्यात गरम गरम. थंडीपावसात चार वाजता हे घेतलेल्या माणसाला चहाची आठवण सहासात वाजेपर्यंत होत नाही, आणि तोवर चहाची वेळ टळून गेलेली असते. गोड पर्यायांनी तलफ जिवंत राहते, खारट-आंबट पर्यायांनी ती लवकर मोडते, असं मी अनेक घरांत पाहिलं. उन्हाळ्यात हीच जागा कोकमाच्या आगळाने घ्यावी, जिरं-मीठ घालून.

*

सगळ्यांत अवघड जागा दुसऱ्याचं घर. "चहा नको" म्हणजे "तुमच्याकडचं नको" असं ऐकू जातं. खाडीकाठच्या खारेपाटातल्या आगरी घरात तर विचारतच नाहीत, आपण पायरी चढतो तोवर आधण ठेवलेलं असतं. "अर्धा तरी घ्या, तसंच कसं पाठवू?" असे पाच-सहा अर्धे झाले की दिवसाचा हिशेब कोलमडतो. लग्नाच्या आमंत्रणाला फिरणारे, निवडणुकीत फिरणारे, विम्याचे प्रतिनिधी, आशाताई, या सगळ्यांची ही अडचण आहे.

नकार देऊ नये. मागावं. "वहिनी, तुमच्या परसातली पात घालून नुसतं पाणी उकळा, थोडा गूळ टाका." घरच्या बाईला आपल्या परसातलं काही मागितल्याचा आनंद होतो, आणि मान दोन्ही बाजूंचा राहतो. आशाताईंनी हे गावात रुजवलं तर पाहुणचाराची रीतच हळूहळू बदलेल, असा माझा विश्वास आहे.

*

ही रीत तरी कुठे फार जुनी आहे? पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य (जातीचा बहिष्कार) झालं. वाद मिशनऱ्यांच्या हातच्या खाण्यापिण्याचा होता, तरी चहा तेव्हा शहरातल्या थोड्यांचंच पेय होता. १९०३ साली चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. तिसाच्या दशकातल्या मंदीत परदेशी मागणी घटल्यावर बागायतदारांनी देशातल्या गिऱ्हाइकाकडे नेटाने मोर्चा वळवला. स्टेशनांवर, गिरण्यांत, जत्रांत चहा करून दाखवत, फुकट पाजत. आमच्या आजीपणजीच्या पिढीची न्याहारी पेज आणि भाकरी होती. गरम, पातळ, मीठ घातलेली पेज. सकाळी पोटाला ऊब लागते ही गरज जुनीच आहे.

*

पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबांचं जन्मगाव, जन्म १८९५ चा. ज्या गांधीजींकडे ते १९१६ साली गेले, त्यांनी चहा-कॉफीवर पुन्हा पुन्हा लिहिलं आहे. १९१३ साली 'इंडियन ओपिनियन'मधल्या आरोग्यावरच्या लेखांत त्यांनी गव्हाची कॉफी सांगितली : निवडलेले गहू लालसर होईतो भाजायचे, दळायचे, पाण्यात उकळून दूध-साखर. पुढे १९४२ साली आगाखान पॅलेसच्या बंदिवासात आरोग्यावर पुस्तक लिहायला घेतलं, त्यातही चहा, कॉफी, कोको यांच्यावर प्रकरण आहे. गांधीजींचा सूर मला कधी कधी फार कडक वाटतो, पण ही कृती चांगली आहे. जळू न देता भाजलेल्या गव्हाला कॉफीची कडवट खमंग चव येते. कॉफीवाल्यांसाठी पात उपयोगाची नाही, त्यांना भाजल्याचा वासच हवा असतो.

*

त्याच कुळातला आपल्या रानातला पदार्थ म्हणजे टाकळ्याचं बी. पहिल्या पावसात कोवळा टाकळा भाजीला येतो. दिवाळीच्या आसपास शेंगा वाळतात आणि कातकरी, ठाकर बाया बी गोळा करून व्यापाऱ्याला घालतात. त्याच्यापासून डिंक काढतात. हेच बी भाजून, कुटून उकळलं की कॉफीसारखं काळं पेय होतं, कॅफिनशिवाय. कोरिया-चीनमध्येही ते पितात. बी चांगलं भाजलेलं हवं आणि मात्रा एखादा चमचा. कच्चं किंवा जास्त झालं तर जुलाब होतात, कारण टाकळा रेचक आहे. गरोदर बायांनी टाळावं.

हे बी किलोवर गोणीत जाण्याऐवजी भाजून, दळून, पाकिटात पेण-रोह्याच्या बाजारात आलं तर गोळा करणारीच्या हातात चार पैसे जास्त पडतील. बचत गटांनी याचा विचार करावा. यंत्र म्हणून कढई आणि चक्की पुरे.

*

धाटावच्या औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या पाळीला जाणाऱ्याला "चहा सोड" सांगणं अन्याय आहे. रिअॅक्टरजवळ पहाटे तीनला डुलकी लागली तर काय होईल ते तिथल्या माणसाला सांगायला नको. त्याच्यासाठी प्रश्न किती प्यावं यापेक्षा कधी प्यावं हा आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलीग्रॅम कॅफिन दिलं, तरी झोप तासाहून जास्त घटली. म्हणजे सकाळी आठला घरी झोपणाऱ्याने रात्री एक-दोनच्या पुढे चहा घेऊ नये. पाळीच्या सुरुवातीला एक, मध्यरात्री एक, बस. पहाटे गरम पेज किंवा कढण थर्मासमधून, आणि पंधरा मिनिटं मोकळ्या हवेत चालणं. दिवसाची झोप नीट झाली तर पुढच्या रात्रीचा चहा आपोआप उतरतो. झोप मोडली की दुसऱ्या रात्री जास्त चहा, जास्त चहाने झोप पुन्हा मोडते. या फेऱ्यात अडकलेली तरुण पोरं रोह्याच्या बाजारात सकाळी दिसतात. डोळे लाल, आणि हातात पुन्हा कटिंग.

*

विडी-सिगरेट आणि चहा जोडीने चालतात. ज्याला दोन्ही सोडायचंय त्याने हे लक्षात ठेवावं : धुरामुळे यकृत कॅफिन जवळपास दुप्पट वेगाने निकाली काढतं. धूर बंद झाला की तेवढाच चहा रक्तात दुप्पट राहतो. छातीत धडधड, घबराट, झोप नाही, आणि माणसाला वाटतं सिगरेट सोडल्यानेच हे झालं. म्हणून धूर सोडण्याच्या आठवड्यातच चहा निम्मा करावा. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, त्यामुळे तंबाखू-मिश्रीवाल्यांना हा हिशेब लागू नाही.

*

"चहाशिवाय पोट साफ होत नाही" ही तक्रार खरी असते, कॅफिनने आतडं हलतं. पण सकाळी पोटात काहीही गरम गेलं, अन्न गेलं, तरी ते हलतंच. पेलाभर गरम पाणी, मग पेज, आणि ठरलेली वेळ. आठ-दहा दिवस धीर धरावा लागतो.

*

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांना रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतलं चित्र. जेवल्याबरोबर घेतलेला चहा भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागू देत नाही. इथे दोष कॅफिनचा नाही, तुरट द्रव्यांचा आहे, म्हणून बिनकॅफिनचा चहा आणला तरी तो तसाच राहतो. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबात सकाळचं जेवण म्हणजे कोरा चहा आणि भाकरी. तिथे तासभर थांबा म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं. पण लोहाच्या गोळीवर चहाचा घोट मुळीच घेऊ नये, गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी. एवढं तरी सांगत राहायला हवं.

*

पर्याय म्हणून विकलं जाणारं सगळं पर्याय नसतं. ग्रीन टी चहाच्याच झाडाचा, कॅफिन त्यातही आहे. गुळाच्या चहात साखर बदलते, कॅफिन तेवढंच राहतं. ज्येष्ठमध घशाला छान, पण रोज काढ्यात घातलं तर रक्तदाब वाढतो, तो विकार असणाऱ्यांनी दूर राहावं. अश्वगंधेची चूर्णं आणि गोळ्या "ऊर्जा" म्हणून घेतात, त्यातून यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. वैद्याला विचारल्याशिवाय नको. धने-जिरं-सुंठीचा उकाळा, पात, तुळस, कोकम, कढण. आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे तेवढ्यात भागतं.

*

पेणच्या वाशी, वढाव, शिर्कीकडच्या खारेपाटात एप्रिल-मेमध्ये पिण्याचं पाणी टँकरची वाट बघतं. हेटवणे धरण याच तालुक्यात, त्याचं पाणी नवी मुंबईला जातं. मिठागरावर, बांधावर उन्हात राबणारा माणूस दिवसभर पाणी पुरवून पितो आणि डोकं दुखलं की चहा घेतो. त्यातली निम्मी डोकेदुखी तहानेची असणार. त्याच्या तलफेवर पहिला उपाय नळाला पाणी हा आहे, आणि तो त्याच्या हातात नाही.

*

मुलांबद्दल. चहा-बटर, चहा-चपाती खाऊन शाळेत जाणारी मुलं इथे घरोघरी आहेत. ती भूक भागवण्याची गरिबांची युक्ती होती, आता ज्यांना दूध परवडतं तेही हेच करतात. आणि त्याच्यावर आता कॅफिन घातलेल्या पेयाची ती लाल-निळ्या रंगाची बाटली आली आहे, एसटी स्टँडच्या टपरीवर वीसएक रुपयांना. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा पेयांत लिटरला १४५ ते ३०० मिलीग्रॅम कॅफिनची परवानगी आहे. वरच्या टोकाच्या पाव लिटर बाटलीत सत्तर मिलीग्रॅमच्या वर कॅफिन बसतं, म्हणजे दोन कप चहाचं, शिवाय साखर. क्रिकेट खेळून आलेली बारा-तेरा वर्षांची पोरं ती गटागटा पितात. मुलांसाठी हे पेय नाही अशी सूचना बाटलीवर छापलेली असते, इतक्या बारीक अक्षरात की भिंग लागावं. पेण आणि रोह्याच्या प्रत्येक शाळेत पालकसभेला ती मराठीत मोठ्याने वाचून दाखवावी, आणि शाळेसमोरच्या दुकानदारांना त्या सभेला बोलवावं. कोकमाचं सरबत त्याच फ्रीजमध्ये त्याच किमतीत ठेवता येतं. कोलाडच्या बाजूला एकदोघांनी ठेवलंय आणि ते खपतंय.